स्टॅटिक राउट आणि डिफॉल्ट राउट: एका ओळीच्या कमांडमागचा विचार

राउटरच्या, म्हणजे नेटवर्क एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणाच्या, हाती एखादे पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) पडले की त्याला एकच गोष्ट ठरवायची असते: हे पुढे कोणाकडे द्यायचे. पॅकेटमध्ये कोणाचा ईमेल आहे, ते किती महत्त्वाचे आहे, मुक्कामी पोहोचेपर्यंत वाटेत अजून किती राउटर लागणार आहेत, यातल्या कशाशीही त्याला कर्तव्य नसते. पॅकेटवरचा पोहोचण्याचा पत्ता पाहायचा, आपल्या राउटिंग टेबलमध्ये त्या पत्त्याला लागू पडणारी नोंद शोधायची आणि त्या नोंदीत लिहिलेल्या शेजाऱ्याकडे पॅकेट सोपवायचे, एवढेच त्याचे काम. लागू पडणारी नोंदच नसेल तर तो पॅकेट टाकून देतो.

या टेबलमध्ये नोंदी तीन वाटांनी येतात. राउटरच्या पोर्टला जे नेटवर्क थेट जोडलेले असते, त्याची नोंद पोर्टला आयपी पत्ता देऊन तो सुरू करताच आपोआप होते. ओएसपीएफ, ईआयजीआरपी, आरआयपी, बीजीपी यांसारखे राउटिंग प्रोटोकॉल शेजारच्या राउटरांकडून लांबच्या नेटवर्कांची माहिती मिळवतात आणि परिस्थिती बदलली की नोंदीही बदलतात. तिसरी वाट माणसाची आहे. नेटवर्क सांभाळणारा स्वतः लिहून देतो की अमुक नेटवर्ककडे जायचे असेल तर अमुक शेजाऱ्याकडे द्या. हा स्टॅटिक राउट. ज्या पत्त्यांना दुसरी कोणतीच नोंद लागू पडत नाही, अशा सगळ्यांसाठी केलेली नोंद म्हणजे डिफॉल्ट राउट.

कमांड एका ओळीची असल्यामुळे हा विषय अभ्यासक्रमात पटकन उरकला जातो आणि माझ्या मते नुकसान तिथेच होते. लिंक पडली तर ओएसपीएफ दुसरी वाट शोधतो. स्टॅटिक राउट लिहिताना मात्र परतीचा रस्ता, लिंक पडल्यावर काय व्हायचे आणि कोणालाच लागू न पडणारे पॅकेट कुठे जायचे, या तिन्ही गोष्टींचा विचार लिहिणाऱ्यालाच आधी करून ठेवावा लागतो. या लेखात भर आहे तो त्या विचारावर.

चाकण आणि हिंजवडी

पुण्यातली एखादी मध्यम आकाराची कंपनी उदाहरणासाठी घेऊ. तिचे मुख्य कार्यालय हिंजवडीत आहे आणि कारखाना चाकणला. हिंजवडीच्या कार्यालयासाठी १०.१०.०.०/१६ हा पत्त्यांचा गट ठेवला आहे आणि चाकणसाठी १०.२०.०.०/१६ (/१६ म्हणजे पत्त्याचे पहिले १६ बिट, म्हणजे पहिले दोन आकडे, ठरलेले; /२४ म्हणजे पहिले तीन). चाकणला प्रत्यक्ष वापरात मात्र दोनच छोटी नेटवर्क आहेत: ऑफिसच्या संगणकांसाठी १०.२०.१.०/२४ आणि यंत्रे व कॅमेऱ्यांसाठी १०.२०.२.०/२४. दोन ठिकाणांना जोडणाऱ्या लिंकवर हिंजवडीच्या राउटरचा पत्ता १०.२५५.०.१ आणि चाकणच्या राउटरचा १०.२५५.०.२. इंटरनेट फक्त हिंजवडीला येते आणि इंटरनेट कंपनीच्या राउटरचा पत्ता आहे २०३.०.११३.१. हा शेवटचा पत्ता अशा गटातला आहे जो केवळ लेखांमध्ये आणि पुस्तकांमध्ये उदाहरणे देण्यासाठी राखून ठेवलेला आहे, त्यामुळे तो कोणाच्याही खऱ्या नेटवर्कचा नाही.

कमांड येथे देवनागरीत लिहिल्या आहेत. राउटरवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. रचना सिस्को कंपनीच्या राउटरवर चालणाऱ्या आयओएस या प्रणालीची आहे. इतर कंपन्यांच्या उपकरणांवर शब्द बदलतात, विचार तोच राहतो.

हिंजवडीच्या राउटरला चाकणची वाट अशी सांगायची:

आयपी राउट १०.२०.०.० २५५.२५५.०.० १०.२५५.०.२

म्हणजे १०.२०ने सुरू होणाऱ्या कोणत्याही पत्त्यासाठी पॅकेट १०.२५५.०.२ या शेजाऱ्याकडे द्या. या शेजाऱ्याला नेक्स्ट हॉप म्हणतात. मधला आकडा हा मास्क; पत्त्यातला किती भाग जुळला पाहिजे ते तो सांगतो. हिंजवडीहून इंटरनेटकडे जाण्यासाठी:

आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० २०३.०.११३.१

इथे मास्कच शून्य आहे, म्हणजे पत्त्यातला एकही बिट जुळण्याची अट नाही, म्हणून ही नोंद जगातल्या प्रत्येक पत्त्याला लागू पडते. हाच डिफॉल्ट राउट. चाकणच्या राउटरचे काम तर आणखी सोपे आहे. त्याला बाहेर पडायला एकच दार आहे, त्यामुळे त्याला हिंजवडीची नेटवर्क आणि इंटरनेट असे वेगवेगळे सांगण्याची गरज नाही:

आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० १०.२५५.०.१

ज्या ठिकाणाहून बाहेर जाण्याची वाट एकच आहे, तिथे राउटिंग प्रोटोकॉल चालवून मिळण्यासारखे फारसे काही नसते. पर्यायच नसेल तर निवड करायची कशातून? अशा ठिकाणी एक डिफॉल्ट राउट पुरतो, राउटरच्या मेमरीवर आणि प्रोसेसरवर भार पडत नाही आणि लिंकवर प्रोटोकॉलची बडबडही होत नाही.

जास्त जुळणारी नोंद जिंकते

डिफॉल्ट राउट सगळ्यांनाच लागू पडत असेल, तर हिंजवडीचा राउटर चाकणचे पॅकेटही इंटरनेटकडे का ढकलत नाही? याचे उत्तर संपूर्ण राउटिंगचा पाया आहे. एका पत्त्याला अनेक नोंदी लागू पडत असतील, तर ज्या नोंदीचे सर्वाधिक बिट जुळतात ती निवडली जाते. टेबलमध्ये ती वर आहे की खाली, आधी लिहिली की नंतर, याला महत्त्व नसते.

आपला पिनकोड याच तत्त्वावर चालतो. संस्कृत कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून आलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सहा अंकांपैकी पहिला अंक देशाचा मोठा विभाग सांगतो, पहिले तीन अंक टपालाची छाननी करणारा जिल्हा सांगतात आणि उरलेले तीन अंक नेमके टपाल कार्यालय. दिल्लीत छाननी करणाऱ्याला ४११०३८ म्हणजे कोथरूड हे माहीत असण्याची गरज नाही. ४११ पाहून पत्र पुण्याच्या पिशवीत टाकले की त्याचे काम झाले. पुण्यात आल्यावर मात्र ४११०३८ आणि हिंजवडीचा ४११०५७ यांच्यातला फरक पाहावाच लागतो. चाकणचा पिनकोड ४१०५०१ आहे. पुणे जिल्ह्यात असूनही तो ४११ या नोंदीत बसत नाही, त्यासाठी ४१०ची वेगळी नोंद लागते. राउटरही असेच जितके जवळ तितके बारीक पाहतो, आणि डिफॉल्ट राउट म्हणजे एकही अंक न पाहता टाकायची शेवटची पिशवी.

हे तत्त्व नीट समजले की काही कोडी आपोआप सुटतात. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून काढलेली खासगी वाट, सुरू केल्यावर संगणकाचा सगळा ट्रॅफिक व्हीपीएनमधून जाऊ लागतो, तरी मूळ डिफॉल्ट राउट टेबलमध्ये जसाच्या तसा दिसतो, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. ओपनव्हीपीएन या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ असे दोन राउट टाकण्याची सोय आहे. दोन्ही मिळून सगळे पत्ते व्यापतात, पण प्रत्येकाचा एक बिट जुळतो, म्हणून शून्य बिट जुळणाऱ्या डिफॉल्टवर ते मात करतात. व्हीपीएन बंद केले की ते दोन निघून जातात आणि जुना डिफॉल्ट पुन्हा कामाला लागतो.

इंटरनेटच्या मध्यभागी असलेले मोठे राउटर मात्र डिफॉल्ट राउट ठेवतच नाहीत; तिथे प्रत्येक गटाची नोंद स्वतंत्रपणे बीजीपीमधून आलेली असते आणि आयपीव्ही४च्या अशा नोंदी आज नऊ लाखांच्या पुढे आहेत. १२ ऑगस्ट २०१४ रोजी ही संख्या ५ लाख १२ हजारांच्या हद्दीपलीकडे गेली तेव्हा ज्या जुन्या राउटरांच्या मेमरीत तेवढीच जागा होती ते अडखळले आणि अनेक ठिकाणी इंटरनेट कोलमडले. चाकणच्या छोट्या राउटरला हे ओझे उचलावे लागत नाही, ते त्या एका ओळीमुळे.

परतीचा रस्ता

शिकाऊ मुलांकडून सर्वात जास्त वेळा येणारी तक्रार अशी असते: "सर, राउट टाकलाय, पण पिंग होत नाहीये." (पिंग म्हणजे एखाद्या पत्त्यावर छोटे पॅकेट पाठवून उत्तर येते का ते पाहणे.) त्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की समोरच्या बाजूला परतीचा राउट आहे का. चाकणच्या संगणकाने हिंजवडीच्या सर्व्हरला पाठवलेले पॅकेट पोहोचते, सर्व्हर उत्तरही देतो, पण हिंजवडीच्या राउटरला १०.२०.०.० कुठे आहे हे ठाऊक नसेल तर ते उत्तर डिफॉल्टने इंटरनेटच्या दिशेने निघून जाते. १०ने सुरू होणारे पत्ते खासगी, म्हणजे इंटरनेटवर न चालणारे, असल्यामुळे ते उत्तर पुढे कोणीतरी टाकून देतो. चाकणला बसलेल्या माणसाला फक्त शांतता ऐकू येते आणि तो आपल्याच राउटरची कमांड पुन्हा पुन्हा तपासत राहतो.

यात एक बारकावा आहे, जो न कळल्यामुळे तासचे तास वाया जातात. चाकणच्या राउटरवर बसून थेट हिंजवडीचा सर्व्हर पिंग केला, तर परतीचा राउट नसतानाही पिंग व्यवस्थित जाते. कारण राउटर स्वतः पिंग करतो तेव्हा ज्या पोर्टमधून पॅकेट बाहेर पडते त्या पोर्टचा पत्ता, म्हणजे १०.२५५.०.२, पाठवणारा म्हणून लिहितो, आणि हे नेटवर्क हिंजवडीच्या राउटरला थेट जोडलेले असल्यामुळे त्याला ते माहीतच असते. म्हणून तपासणी करताना पाठवणारा पत्ता लॅनचा, म्हणजे चाकणच्या आतल्या नेटवर्कचा, द्यायचा:

पिंग १०.१०.१.१० सोर्स १०.२०.१.१

हे पिंग गेले तरच चाकणच्या संगणकांचे पिंग जाईल असे म्हणता येते.

इंटरनेटच्या बाबतीत परतीचा प्रश्न आणखी एका ठिकाणी अडतो. चाकणचा ट्रॅफिक हिंजवडीहून बाहेर पडताना तिथल्या राउटरवर नॅट होतो, म्हणजे खासगी पत्ता बदलून सार्वजनिक पत्ता लावला जातो. हे कोणत्या पत्त्यांसाठी करायचे याची यादी त्या राउटरवर असते आणि नवी शाखा जोडताना राउट टाकणारा माणूस या यादीत १०.२०.०.० घालायला विसरला, तर दोन्ही बाजूंचे राउट निर्दोष असूनही चाकणला इंटरनेट मिळत नाही.

मोकळ्या पत्त्यांचे गरगरणे

आता या लेखातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा दोष. वर लिहिलेल्या तिन्ही कमांड बरोबर आहेत, चाकण आणि हिंजवडी यांच्यात सगळे चालते, इंटरनेटही मिळते. तरीही या रचनेत एक खड्डा आहे. हिंजवडीच्या एखाद्या संगणकाने १०.२०.७७.५ या पत्त्यावर पॅकेट पाठवले असे समजा. चाकणला १०.२०.७७ नावाचे नेटवर्क नाही. पण हिंजवडीच्या राउटरला संपूर्ण १०.२०.०.०/१६ चाकणला आहे असे आपणच सांगितले आहे, म्हणून तो पॅकेट तिकडे पाठवतो. चाकणच्या राउटरकडे १०.२०.१ आणि १०.२०.२ यांच्याच नोंदी आहेत; १०.२०.७७ला लागू पडतो तो फक्त डिफॉल्ट, आणि डिफॉल्ट सांगतो की पॅकेट हिंजवडीला द्या. हिंजवडीचा राउटर ते पुन्हा चाकणला देतो आणि हेच चालू राहते.

प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो, जो प्रत्येक राउटर एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. त्यामुळे हे गरगरणे अनंतकाळ चालत नाही. पण विंडोज संगणक हा आकडा १२८पासून सुरू करतो, म्हणजे एकच पॅकेट त्या लिंकवरून सव्वाशेच्या आसपास फेऱ्या मारते. एखाद्या संगणकात शिरलेला व्हायरस किंवा पत्ते शोधणारे एखादे साधे सॉफ्टवेअर १०.२०.०.०/१६मधले सगळे ६५,५३६ पत्ते तपासू लागले, तर त्यातल्या जवळजवळ प्रत्येक पॅकेटची अशी सव्वाशेपट होते आणि लिंक भरून जाते. कारखान्यातला माणूस म्हणतो की नेट स्लो आहे, आणि तक्रार इंटरनेट कंपनीकडे जाते, जिचा यात काहीच दोष नसतो.

उपाय एका ओळीचा आहे आणि तो चाकणच्या राउटरवर करायचा:

आयपी राउट १०.२०.०.० २५५.२५५.०.० नल०

नल० हा राउटरमधला खोटा पोर्ट आहे. त्याच्याकडे पाठवलेले पॅकेट तिथेच नष्ट होते. चाकणच्या खऱ्या दोन नेटवर्कांचे २४ बिट जुळतात, त्यामुळे त्यांचा ट्रॅफिक या नोंदीच्या वाटेला जातच नाही. १०.२०मधला बाकीचा कोणताही पत्ता मात्र १६ बिट जुळवून या नोंदीत सापडतो आणि डिफॉल्टपर्यंत पोहोचत नाही. ज्या राउटरच्या नावावर आपण मोठा गट लिहून दिला आहे आणि ज्याच्याकडे उलट दिशेने डिफॉल्ट आहे, त्या प्रत्येक राउटरवर ही ओळ असलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

नेक्स्ट हॉप लिहायचा की पोर्ट

कमांडच्या शेवटी शेजाऱ्याचा पत्ता देण्याऐवजी आपल्या बाजूच्या पोर्टचे नाव देण्याचीही सोय आहे. दोनच टोके असलेल्या सिरियल लिंकवर ते योग्य होते, कारण तारेच्या दुसऱ्या टोकाला एकच राउटर असतो. आजच्या लिंक मात्र बहुतेक इथरनेटवर येतात आणि इथरनेटवर अनेक उपकरणे असू शकतात. तिथे डिफॉल्ट राउटमध्ये फक्त पोर्ट लिहिला, तर राउटरला वाटते की अख्खे इंटरनेट त्या पोर्टला थेट जोडलेले आहे, आणि तो प्रत्येक नव्या पत्त्यासाठी एआरपीने विचारू लागतो की हा पत्ता कोणाचा. समोरच्या राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू असेल तर तो प्रत्येक वेळी "माझा" असे उत्तर देतो आणि काम चालते, पण एआरपीचे टेबल फुगत जाते. समोरच्याने ती सोय बंद केली की सगळे एका क्षणात थांबते. त्यामुळे इथरनेटवर नेक्स्ट हॉपचा पत्ता द्यावाच. हवे तर पोर्ट आणि पत्ता दोन्ही द्यावेत.

दुसरी लिंक आणि तरंगता राउट

पुण्यात कुठे ना कुठे रस्ता खोदलेला असतो, त्यामुळे फायबर तुटण्याचा अनुभव इथल्या प्रत्येक आयटी विभागाला आहे आणि दुसऱ्या कंपनीची लिंक घेणे ही चैन राहिलेली नाही. घेताना दोन्ही फायबर इमारतीत एकाच बाजूने, एकाच चरातून येत नाहीत ना, हे आधी विचारावे. तसे असेल तर एकाच जेसीबीने दोन्ही जातात.

दुसऱ्या लिंकसाठी आणखी एक डिफॉल्ट राउट लिहायचा, पण तो पहिला असेपर्यंत गप्प बसला पाहिजे. यासाठी अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स नावाचा आकडा वापरतात. एकाच नेटवर्कची नोंद एकापेक्षा अधिक ठिकाणांहून मिळाली तर कोणावर विश्वास ठेवायचा हे तो ठरवतो आणि लहान आकडा जिंकतो. सिस्कोमध्ये थेट जोडलेल्या नेटवर्कसाठी तो ०, स्टॅटिकसाठी १, बाहेरच्या बीजीपीसाठी २०, ईआयजीआरपीसाठी ९०, ओएसपीएफसाठी ११० आणि आरआयपीसाठी १२० असतो. हा आकडा राउटरच्या स्वतःपुरता असतो, तो शेजाऱ्यांना कळवला जात नाही. शिवाय तो लागू होतो ते अगदी त्याच नेटवर्कच्या, त्याच मास्कच्या दोन नोंदींमध्ये. मास्क वेगळा असेल तर दोन्ही नोंदी टेबलमध्ये बसतात आणि पॅकेट पाठवताना जास्त बिट जुळणारीच जिंकते, मग ती आरआयपीकडून आलेली का असेना. परीक्षेत आणि नोकरीत, दोन्हीकडे इथे हमखास गफलत होते.

दुसरी लिंक १९८.५१.१००.१ या शेजाऱ्याकडून येत असेल तर:

आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० १९८.५१.१००.१ २००

शेवटचा २०० हा तिचा डिस्टन्स. पहिला डिफॉल्ट टेबलमधून निघून गेला की हा वर येतो, म्हणून याला फ्लोटिंग, म्हणजे तरंगता, स्टॅटिक राउट म्हणतात. हा आकडा द्यायला विसरले तर दोन्ही डिफॉल्ट समान ठरतात आणि राउटर ट्रॅफिक दोघांत वाटून देऊ लागतो. इंटरनेट कंपनी बदलताना नवा डिफॉल्ट लिहून जुना काढायचा राहिला तरी नेमके हेच होते: नवी ओळ जुनीची जागा घेत नाही, तिच्या शेजारी जाऊन बसते, आणि बंद पडलेल्या कंपनीच्या दिशेने निम्मी कनेक्शन जात राहतात. काही साइट उघडतात, काही उघडत नाहीत, अशी तक्रार आली तर हे आधी पाहावे.

पण पहिला डिफॉल्ट टेबलमधून निघतो कधी? आपल्या राउटरचा पोर्ट बंद पडला तर. इंटरनेट कंपनीचे उपकरण बहुधा आपल्याच इमारतीत बसवलेले असते. फायबर वाकडला तुटले तरी त्या उपकरणापासून आपल्या राउटरपर्यंतची तार शाबूत असते, पोर्टचा दिवा हिरवाच राहतो, आणि राउटर आनंदाने सगळा ट्रॅफिक त्या मेलेल्या लिंकवर ओतत राहतो. त्यामुळे नोंद जिवंत ठेवायची की नाही हे पोर्टवर न सोपवता प्रत्यक्ष तपासणीवर सोपवावे लागते. सिस्कोमध्ये आयपी एसएलए नावाची सोय ठरावीक वेळाने लांबच्या एखाद्या पत्त्याला पिंग करते, ट्रॅक नावाची सोय त्या निकालावर लक्ष ठेवते आणि राउटच्या ओळीत शेवटी तो ट्रॅक जोडला जातो:

आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० २०३.०.११३.१ ट्रॅक १

पिंग थांबले की ही नोंद निघते आणि २०० डिस्टन्सची नोंद पुढे येते.

इथे एक सापळा आहे. समजा तपासणीसाठी १९२.०.२.१ हा पत्ता निवडला. पहिली लिंक गेली, डिफॉल्ट बदलला, आणि आता तपासणीचे पिंग दुसऱ्या लिंकवरून जाऊ लागले. ते यशस्वी होते, राउटरला वाटते पहिली लिंक सुधारली, तो जुना डिफॉल्ट परत आणतो, पिंग पुन्हा थांबते, आणि हा खेळ दर काही सेकंदांनी चालू राहतो. म्हणून तपासणीच्या पत्त्याला पहिल्या लिंकशी बांधून टाकावे लागते:

आयपी राउट १९२.०.२.१ २५५.२५५.२५५.२५५ २०३.०.११३.१

आणि पोर्टच बंद पडून ही नोंद निघून गेली तरी पिंग दुसरीकडे वळू नये म्हणून तिच्यामागे आणखी एक:

आयपी राउट १९२.०.२.१ २५५.२५५.२५५.२५५ नल० २५०

मुलांना शिकवताना ही दुसरी ओळ सहसा गाळली जाते. ती नसेल तर लिंक नीट तुटल्यावर फेलओव्हर, म्हणजे दुसऱ्या लिंकवर जाणे, अस्थिर होते, आणि ते कळते भर कामाच्या वेळी.

प्रोटोकॉलच्या जोडीने डिफॉल्ट

कंपनी वाढली, भोसरी, हडपसर, रांजणगाव अशा शाखा आल्या आणि त्या एकमेकींनाही जोडल्या गेल्या की प्रत्येक राउटरवर हाताने नोंदी करणे झेपत नाही. मग आतल्या बाजूला ओएसपीएफसारखा प्रोटोकॉल चालवायचा. तरीही इंटरनेटच्या टोकावरचा डिफॉल्ट स्टॅटिकच राहतो, कारण इंटरनेट कंपनी आपल्याशी ओएसपीएफ बोलत नाही. तो डिफॉल्ट हिंजवडीच्या राउटरवर एकदाच लिहायचा आणि इतरांना प्रोटोकॉलने कळवायचा.

आरआयपी आणि ओएसपीएफ दोन्हींमध्ये त्यासाठी 'डिफॉल्ट-इन्फर्मेशन ओरिजिनेट' ही कमांड आहे. ईआयजीआरपीमध्ये स्टॅटिक राउट रीडिस्ट्रिब्यूट करून, म्हणजे प्रोटोकॉलच्या हवाली करून, डिफॉल्ट पुढे देता येतो, पण ओएसपीएफमध्ये 'रीडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक' लिहिल्याने बाकीचे स्टॅटिक राउट जातात आणि डिफॉल्ट मात्र जात नाही. त्याच्यासाठी वर दिलेलीच कमांड लागते. शिवाय जुन्या आयओएसमध्ये 'रीडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक' पुढे 'सबनेट्स' हा शब्द लिहिला नाही तर १०.२०.०.०/१६सारखे विभागलेले गट मागेच राहतात. शाखेच्या राउटरवर टेबल पाहिले की ओएसपीएफकडून आलेला डिफॉल्ट 'ओ*ई२' अशा खुणेने दिसतो. हाताने लिहिलेल्या डिफॉल्टची खूण 'एस*' असते.

ओएसपीएफच्या या कमांडला 'ऑल्वेज' हा शब्द जोडता येतो आणि तो विचार करून जोडावा. त्याच्याशिवाय हिंजवडीचा राउटर स्वतःच्या टेबलमध्ये डिफॉल्ट असेल तेव्हाच तो इतरांना सांगतो. 'ऑल्वेज' लिहिले की स्वतःकडे बाहेर जाण्याची वाट असो वा नसो, तो सगळ्यांना आपल्याकडे बोलावत राहतो. इंटरनेटचे दार एकच असेल तर फारसे बिघडत नाही. हडपसरलाही इंटरनेट घेतले असेल, तर हिंजवडीची लिंक गेल्यावर तिकडचा ट्रॅफिक हडपसरकडे वळायला हवा, पण 'ऑल्वेज'मुळे जवळच्या शाखांचा ट्रॅफिक हिंजवडीलाच येतो आणि तिथे संपतो.

आयपीव्ही६मध्ये, म्हणजे नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीत, डिफॉल्ट '::/०' असा लिहितात. आधी 'आयपीव्ही६ युनिकास्ट-राउटिंग' चालू करावे लागते, आणि शेजाऱ्याचा पत्ता 'एफई८०'ने सुरू होणारा असेल तर पोर्टचे नावही द्यावेच लागते, कारण असा पत्ता प्रत्येक पोर्टवर पुन्हा पुन्हा असू शकतो. बाकी सगळे विचार जसेच्या तसे लागू होतात.

दूरून बदल करताना

चाकणच्या राउटरचा डिफॉल्ट हिंजवडीत बसून बदलायचा असेल, तर एक लक्षात ठेवावे: आपण ज्या वाटेने तिथे पोहोचलो आहोत, तीच वाट त्या ओळीवर उभी आहे. जुनी ओळ आधी काढली तर पुढची कमांड टाइप करण्यापूर्वीच संपर्क तुटतो आणि नाशिक फाट्यावरची गर्दी पार करत चाकणला जावे लागते. म्हणून आधी 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'ने चालू स्थिती साठवावी आणि 'रीलोड इन १०' द्यावे, म्हणजे काही बिनसले तर दहा मिनिटांनी राउटर आपोआप पुन्हा सुरू होऊन जुन्या स्थितीत येईल. मग नवी ओळ लिहावी, 'शो आयपी राउट'मध्ये ती दिसते का पाहावे, त्यानंतर जुनी ओळ 'नो' लावून काढावी. चाकणच्या लॅनचा पत्ता सोर्स म्हणून देऊन हिंजवडीचा सर्व्हर आणि इंटरनेटवरचा एक पत्ता पिंग करावा. दोन्हीकडून उत्तर आले की 'रीलोड कॅन्सल' द्यावे, आणि त्यानंतरच नवी स्थिती साठवावी.